'देव मानत नाही' आणि 'देव नाही' : नववीतल्या भाचीला फरक सांगताना

उंबरठ्यावरची (धागाकर्ती)

गौरी जेवल्या त्या दिवशीची गोष्ट. वाईच्या घरी सगळे जमलो होतो. मी पुरण वाटत होते आणि आईची पाठ वळली की भाची नैवेद्याआधीच बोटभर पुरण चाखत होती. नववीत आहे. मध्येच म्हणाली, "आत्या, तू नास्तिक आहेस ना? मग तुला कसं कळलं देव नाही ते?"

मी म्हटलं, "देव नाही असं मी कधी म्हटलं?"

"मग तू नास्तिक कसली!"

आईला हे फार आवडलं. "विचार, विचार तिला," म्हणाली आणि वाटलेल्या पुरणाचं पातेलं उचलून सुरक्षित जागी ठेवलं.

प्रश्न रास्त आहे. 'देव नाही' असं ठाम म्हणणं आणि नुसतं 'देव मानत नाही' म्हणणं, या दोन प्रकारांना इंग्रजीत अनुक्रमे स्ट्राँग आणि वीक एथिइझम म्हणतात, एवढं मी सांगून पाहिलं. त्यावर ताबडतोब, "म्हणजे तू वीक? घाबरतेस?" ही नावंच वाईट आहेत. वीक म्हटलं की अंगात ताप असल्यासारखं वाटतं. मग दुपारी जेवणं आटोपल्यावर तिला माळ्यावर नेलं.

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. कुलूप गंजलंय, किल्ली मी शाळेत असल्यापासून हरवलेली. आत माझ्या आजोबांची बासरी आहे, असं आई सांगते. भाचीच्या हातात बॅटरी दिली आणि म्हटलं, आता तीन माणसं धर. तुझी आजी म्हणते, आत बासरी आहे. मी म्हणते, आहे असं मानण्याजोगं काही मला अजून दिसलं नाही, म्हणून मी मानत नाही. तुझा बाबा म्हणतो, आत बासरी नाहीच. तर कारणं कोणी कोणी द्यायची?

"आजीने. आणि बाबाने." थोडं थांबून, "तू नाही. तू ट्रंकेबद्दल काही बोलतच नाहीयेस. तू आजीबद्दल बोलतेयस."

मला इतकं नेमकं सुचलं नसतं. मी सांगते ती गोष्ट आजीच्या कारणांबद्दलची आहे: मला ती पटलेली नाहीत. बाबा सांगतो ती ट्रंकेबद्दलची आहे. म्हणून बाबाला कष्ट जास्त. त्याने ट्रंक हलवून दाखवावी, खडखडत नाही म्हणावं. किंवा माप काढावं. तिने लगेच काढलं. ट्रंक दोन वीत आणि चार बोटं, आणि हॉलमधल्या फोटोत आजोबांच्या हातातली बासरी दीड हात लांब दिसते. "म्हणजे मावणारच नाही!" असं म्हणून तीन पायऱ्या उतरली, परत चढली. "तिरकी ठेवली तर मावेल पण."

देवाचंही असंच, असं मी पुढे सांगितलं. सगळं करू शकणारा, सगळं जाणणारा आणि पूर्ण दयाळू असा देव असेल तर तान्ह्या बाळाला कर्करोग का होतो, हा प्रश्न म्हणजे ट्रंकेचं माप काढणं. वर्णन जगात मावत नाही, म्हणून तसा देव नाही, असं म्हणणारा तो सबळ, म्हणजे स्ट्राँग नास्तिक. आणि आस्तिकांचं उत्तर बहुतेक वेळा 'तिरकी ठेवलीय' या जातीचं असतं. (हे शेवटचं आईसमोर बोलले नाही.)

एक अडचण मराठीची आहे. 'तो येईल असं मला नाही वाटत' म्हणजे आपण 'तो येणार नाही' असंच समजतो. 'नाही' कुठेही ठेवा, ऐकणारा ते उचलून आपल्याला हवं तिथे लावतो. त्यामुळे 'देव आहे असं मी मानत नाही' हे कितीही जपून म्हटलं तरी समोरच्याला 'देव नाही' असंच ऐकू येतं.

तुम्ही मुलांना हे कसं सांगता? आणि वीक-स्ट्राँगला धड मराठी शब्द कोणते?

* * *

सुपारी_फुटेना

हजेरी लावतोय. चार प्रतिसादांत रसेलची चहाची किटली येणार (तीच, अंतराळात सूर्याभोवती फिरते म्हणे, नाही हे सिद्ध करून दाखवा). पैज.

* * *

फेरतपासणी

किटली मी आणत नाही, कोर्ट आणतो. पेशाने वकील. पेपरात छापून येतं बघा, 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. आरोपीने गुन्हा केला नाही, असं न्यायाधीशांनी पाहिलेलं नसतं. सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही, एवढंच. ही तुमची वीक बाजू. उलट आरोपी त्या वेळी दुसऱ्या गावात होता हे बचाव पक्षाने दाखवलं, तर ती स्ट्राँग. पण मग ते सिद्ध करायचं ओझंही बचाव पक्षावर.

ही उपमा माझी नाही. अँटनी फ्लू या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७२ साली नेमकी हीच मांडणी केली: आरोपी निर्दोष आहे असं धरून खटला सुरू होतो, तसा देवाचा वाद नास्तिकतेपासून सुरू व्हावा, पुरावा आस्तिकाने आणावा. वीकला त्याने निगेटिव्ह आणि स्ट्राँगला पॉझिटिव्ह म्हटलं. गंमत म्हणजे पुढे २००४ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, आपल्याला पुरावा पटला असं त्याने जाहीर केलं. जग सुरू करून देणारी, पण प्रार्थनाबिर्थना न ऐकणारी एक शक्ती त्याने मान्य केली. त्याच्या जुन्या मित्रांना ते अजिबात रुचलं नाही. पण त्याच्याच नियमाने पाहिलं तर गैर काय? खटला खुला होता.

* * *

काळा_चहा

मी आस्तिक. रागावू नका, पण वीक नास्तिकता ही मला पळवाट वाटते. वाद घालायचा तर घालायचा, आणि समोरच्याने कोंडीत पकडलं की 'मी कुठे काय म्हणालो?' रोज सकाळी लोकांच्या देवावर विनोद करायचे आणि पुरावा मागितला की कुंपणावर बसायचं.

* * *

उंबरठ्यावरची

काळा_चहा, असं करणारे आहेत. चर्चेत वीक आणि फेसबुकवर स्ट्राँग. ते मान्य. पण ती त्या माणसांची लबाडी झाली, भूमिकेची नव्हे. मला शेजारणीने सांगितलं की तिच्या फ्लॅटखाली पाण्याचा झरा आहे, तर मी बोअर मारायला पैसे देणार नाही. झरा नाही हे मला माहीत असायची गरज नाही.

* * *

पाटीपेन्सिल

धागा आवडला. फक्त हे सगळं इंग्रजांकडून आलं असं मुलांना वाटायला नको, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट, आपल्याकडे 'नास्तिक' या शब्दाचा देवाशी संबंध नंतर घट्ट झाला. मनुस्मृतीत (२.११) 'नास्तिको वेदनिन्दकः' आहे. वेदांची निंदा करतो तो नास्तिक. या मापाने बौद्ध, जैन, चार्वाक नास्तिक. आणि मीमांसक, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणारे? ते जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत, त्यांच्यातल्या कुमारिल भट्टाने त्याविरुद्ध चांगला युक्तिवाद केला आहे, तरी ते आस्तिक, कारण वेद प्रमाण. तेव्हा भाचीला सांगा, तिची आत्या ईश्वर न मानूनही जुन्या हिशेबाने आस्तिक ठरू शकली असती, वेदांना हात लावला नसता तर.

दुसरी गोष्ट या धाग्याच्या अगदी गाभ्याची. सांख्य या जुन्या दर्शनाच्या सूत्रांत एक सूत्र आहे (१.९२): 'ईश्वरासिद्धेः'. ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. सोळाव्या शतकात विज्ञानभिक्षूने त्यावर भाष्य लिहिलं. तो स्वतः ईश्वर मानणारा, त्याला सांख्य आणि वेदान्त यांचा मेळ घालायचा होता. तो म्हणतो, सूत्रकाराला ईश्वर नाहीच असं म्हणायचं असतं तर त्याने 'ईश्वराभावात्' (ईश्वर नाही म्हणून) असं लिहिलं असतं. 'असिद्धेः' लिहिलं आहे, 'अभावात्' नाही. फ्लूच्या चारशे वर्षं आधी एका आस्तिकाने एका शब्दावर बोट ठेवून वीक आणि स्ट्राँग वेगळे केले. (सगळ्या टीकाकारांना हे मान्य नाही. पाचव्या अध्यायात, कर्माचं फळ कर्मानेच मिळतं, त्याला ईश्वर लागत नाही, असं सरळ म्हटलं आहे, आणि ते वीक वाटत नाही.)

म्हणून शब्द सुचवतो: वीकला असिद्धिवादी आणि स्ट्राँगला अभाववादी. जड आहेत, पण कोणी 'घाबरतेस का' म्हणणार नाही.

तिसरं, ट्रंक हलवून पाहणं. याला नैयायिकांचा, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रज्ञांचा, शब्द योग्यानुपलब्धि. जमिनीवर घडा दिसत नाही, एवढ्याने घडा नाही असं ठरत नाही. अंधार असेल तर? उजेड आहे, डोळे धड आहेत, घडा असता तर दिसलाच असता, तरी दिसत नाही, तेव्हाच 'नाही' म्हणता येतं. दहाव्या शतकाच्या सुमारास त्यांच्यातल्याच उदयनाचार्यांनी हे हत्यार नास्तिकावरच उलटवलं: ईश्वर मुळात डोळ्यांना दिसण्याजोगा पदार्थच नाही, मग तो न दिसण्यावरून तुम्ही काय सिद्ध करणार? या प्रश्नाला उत्तर देता आलं तरच स्ट्राँग म्हणवून घ्यावं.

* * *

सुपारी_फुटेना

किटलीऐवजी घडा आला. पैज हरलो की जिंकलो?

* * *

बोक्याची_आई

पाटीपेन्सिल, दंडवत. माझी शंका साधी आहे. देवावर विश्वास नसणं म्हणजेच वीक नास्तिकता असेल तर तान्हं मूलही नास्तिक, असं काही लोक अभिमानाने सांगतात. त्या हिशेबाने आमचा बोकाही नास्तिक. आणि फ्रीज. या व्याख्येत काहीतरी गळतंय.

* * *

फेरतपासणी

बोक्यापुढे अजून खटला आलेला नाही. ज्याने प्रश्न ऐकला, समजून घेतला आणि तरी पटला नाही, त्यालाच नास्तिक म्हणावं, असं माझं मत. फ्रीजचं वकीलपत्र मी घेत नाही.

* * *

ग्रहणकाळ

मुलांना सांगायचं तर एक खरी गोष्ट सांगा. युरेनस हिशेबाप्रमाणे फिरत नव्हता, त्यावरून फ्रान्सच्या ले व्हेरिएने गणिताने सांगितलं की पलीकडे आणखी एक ग्रह असणार. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत दुर्बीण तिकडे वळवली आणि नेपच्यून सापडला. मग त्याचं लक्ष बुधाकडे गेलं. बुधाची कक्षाही किंचित चुकत होती. त्याने १८५९ मध्ये तीच युक्ती लावली: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये एक ग्रह असला पाहिजे. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. एका हौशी डॉक्टरने तो पाहिल्याचंही सांगितलं. पुढे कितीतरी खग्रास ग्रहणांत लोकांनी शोधलं. कोणाला दिसला, बहुतेकांना नाही.

आता १९०० सालच्या खगोलशास्त्रज्ञाला विचारा. शहाणा असेल तर म्हणेल, व्हल्कन आहे असं मानायला पुरेसा आधार मला दिसत नाही. हा वीक. मग १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतातून बुधाचा तो हिशेब, शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), बरोबर सुटला. ग्रहाची गरजच संपली. त्यानंतरचा खगोलशास्त्रज्ञ 'व्हल्कन नाही' असं बिनदिक्कत म्हणतो. हा स्ट्राँग.

मला यातलं आवडतं ते हे, की ट्रंक कोणीच उघडली नाही. आकाशाचा इंच न् इंच तपासला म्हणून व्हल्कन गेला नाही. ज्या कामासाठी तो लागत होता ते काम दुसऱ्याने केलं. पुष्कळ सबळ नास्तिकांचा युक्तिवाद याच धर्तीचा असतो. पाऊस, साथी, डोळ्याची रचना, एकेक काम देवाकडून काढून घेतलं गेलं.

* * *

काळा_चहा

छान गोष्ट. पण माझ्या देवाकडे बुधाची कक्षा सांभाळायचं काम मी कधीच दिलं नव्हतं.

* * *

ग्रहणकाळ

हे उत्तर तोडीस तोड आहे. मग काय दिलं होतंत?

* * *

काळा_चहा

रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बोलायला कोणीतरी. एवढंच. तुमच्या धाग्यात ते कुठे बसतं मला माहीत नाही.

* * *

दहावी_अ

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितोय. मी दहावीत आहे. मला वाटायचं मी अज्ञेयवादी आहे कारण मला नक्की माहीत नाही. पण धागा वाचून वाटतंय की मी वीक नास्तिक आहे. दोन्ही एकदम असू शकतं का? दुसरं, घरी आरतीला उभं राहावं लागतं. नाही म्हटलं की बाबा ओरडतात. मी उभा राहिलो तर मी खोटा ठरतो का?

* * *

पाटीपेन्सिल

दोन्ही एकदम असू शकतं. 'माहीत आहे का?' हा एक प्रश्न आणि 'मानतोस का?' हा दुसरा. अ‍ॅग्नॉस्टिक, म्हणजे अज्ञेयवादी, हा शब्द टी. एच. हक्स्ले यांनी १८६९ मध्ये पहिल्या प्रश्नासाठी घडवला. उद्या पाऊस पडेल का हे तुला माहीत नाही, तरी छत्री घेतोस किंवा घेत नाहीस. माहीत नाही आणि मानतही नाही, हा तू. माहीत नाही तरी मानते, अशी माझी बायको. ती स्वतःला भाविकच म्हणवते.

* * *

उंबरठ्यावरची

दहावी_अ, ये बाळा. आरतीचं म्हणशील तर माझ्या हातात झांज असते आणि मी बेताल वाजवते म्हणून दरवर्षी बोलणी खाते. खोटं कधी वाटलं नाही, कारण मी तिथे काही सांगत नसते, घरच्यांबरोबर उभी असते. तुला खोटं वाटत असेल तर तेही खरंच. पण दहावीच्या वर्षात बाबांशी कुठला वाद उकरायचा ते तू ठरव. स्ट्राँग की वीक यातून आरतीचा निकाल लागत नाही. वीक असून आरतीला बाहेर जाणारे आहेत आणि स्ट्राँग असून मोदक करणारेही.

* * *

कृष्णाकाठ

तुमच्या वाईची कृष्णा खाली जिथे येते त्या विजयवाड्यात नोकरीला आहे, म्हणून एक अवांतर. इथे गोरा यांचं नास्तिक केंद्र आहे. गोपराजू रामचंद्र राव, त्यांचं छोटं नाव गोरा. १९४० मध्ये मुदुनूर गावात त्यांनी ते सुरू केलं, १९४७ मध्ये विजयवाड्याला आणलं. त्यांनी 'पॉझिटिव्ह एथिइझम' असा शब्द वापरला, आणि इंटरनेटवर वाचणारी मुलं त्याची गाठ फ्लूच्या पॉझिटिव्हशी मारतात. दोन्ही वेगळे. गोरांचा अर्थ आचरणाचा: देव नाही म्हणून थांबायचं नाही, माणसाने जबाबदारी उचलायची, अस्पृश्यता मोडायची, सहभोजनं घालायची.

गांधींशी त्यांच्या लांबलचक चर्चा झाल्या. गोरांच्या मुलीचं दलित तरुणाशी लग्न सेवाग्रामला करायचं ठरलं, आणि विधीत ईश्वराऐवजी सत्याचं नाव घ्यायला गांधी तयार झाले होते. हत्येमुळे ते स्वतः नव्हते, पण १९४८ मध्ये लग्न आश्रमातच लागलं. वर्धेकरांना हे माहीत असेल.

* * *

फेरतपासणी

गांधींचं नाव निघालं म्हणून. आधी ते 'ईश्वर सत्य आहे' म्हणत, पुढे 'सत्य हाच ईश्वर' म्हणू लागले. आता अशा ईश्वराबाबत स्ट्राँग नास्तिक होऊन दाखवा! सत्य नाही असं म्हणायचं का? व्याख्या बदलली की त्याच माणसाची जागा बदलते. मी स्वतः नवसाला कोंबडं मागणाऱ्या देवाबाबत अभाववादी आहे, 'जगाचं आदिकारण' वगैरेबाबत असिद्धिवादी, आणि सत्याबाबत चक्क भाविक. कोर्टात असूनही.

* * *

तीनपेडी_वेणी

महाराष्ट्रातलं उदाहरण राहिलं. डॉ. श्रीराम लागू देवाची कल्पनाच आता निवृत्त करावी असं व्यासपीठावरून स्वच्छ सांगायचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच चळवळीतले, पण महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देव आणि धर्म यांबाबत तटस्थ, विरोध शोषणाला. दोघांचं चांगलं जमायचं. मला वाटतं मुलांना हेही दाखवावं, की कामाला दोघं एकत्र लागू शकतात.

* * *

काळा_चहा

आणि आस्तिकही. मी समितीच्या शिबिराला गेलेलो आहे. निखाऱ्यांवरून चाललोही आहे. पाय भाजले नाहीत, देवही गेला नाही.

* * *

सुपारी_फुटेना

ते राहू द्या. कुलूप कापून ट्रंक का उघडत नाही? शंभर-दोनशे रुपयांत कुलूपवाला येईल.

* * *

उंबरठ्यावरची

विचारलं होतं आईला. "गौरी-गणपती होऊ देत, मग बघू," म्हणाली. गेली सहा वर्षं गौरी-गणपती होतायत.

भाचीला हा धागा वाचून दाखवला. बोका तिला सगळ्यात आवडला. असिद्धिवादी हा शब्द तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, पुढे माझं नाव घालून. मग बराच वेळ हॉलमधल्या फोटोसमोर उभी होती. मला हाक मारली.

"आत्या, पणजोबांनी ती ओठाला नाही लावलेली. नुसती धरलीय. हे टोक बघ. ही काठी असेल तर?"

मी चष्मा लावून पाहिलं. फोटो जुना, खालचा कोपरा ओलीने गेलेला. बासरी आहे असं मला लहानपणी कोणी सांगितलं होतं, ते आठवायचा प्रयत्न करत होते.